काहीतरी साधंच कर

बायकांना ऐकवल्या जाणाऱ्या वाक्यांत सर्वांत फसवं वाक्य कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, "काहीतरी साधंच कर." अचानक पाहुणे आलेले असतात, भाजीची टोपली रिकामी असते, बाजार उद्याचा असतो. अशा वेळी घरातलं कुणीतरी, कधी नवरा, कधी सासूबाई, कधी स्वतः पाहुणाच, मोठ्या मनानं म्हणतो, "वैनी, काही करत बसू नका हं. काहीतरी साधंच करा." बोलणाऱ्याला वाटतं, आपण उपकार केले. पुरणपोळी मागितली नाही, श्रीखंड मागितलं नाही. ऐकणारी बाई हसते, मान डोलावते आणि आत जाऊन डब्यांची झाकणं उघडू लागते.

माझं भांडण या वाक्यातल्या तिन्ही शब्दांशी आहे. 'काहीतरी' म्हणजे नेमकं काय, ते तिनं एकटीनं ठरवायचं. 'साधं' कुणाच्या मापानं, ते कुणी सांगत नाही. आणि 'कर' हे क्रियापद तर घरात एकाच व्यक्तीला लागू होतं.

आधीच सांगते, साध्या जेवणाला माझा विरोध नाही. डब्यातलं धान्य आणि परड्यातली भाजी यांवर झालेलं जेवण मला कुठल्याही पंगतीपेक्षा जास्त आवडतं. माझं म्हणणं एवढंच की ते साधं असतं खाणाऱ्याला. करणारीला ते पंगतीपेक्षा अवघड. पंगतीला आचारी असतो, यादी असते, आदल्या दिवसाची तयारी असते. इथे बाईचं डोकं आणि बाईचे हात, एवढीच सामग्री. आणि त्या डोक्यात जे असतं त्याला आपल्या समाजात कुणी ज्ञान म्हणत नाही.

पटत नसेल तर हिशेब मांडून दाखवते. फाल्गुनातली संध्याकाळ धरा. आमच्या बेळगावात तेव्हा सूर्य साडेसहाच्या सुमाराला मावळतो. अंधार पडल्यावर आमच्यात जेवत नाहीत, तेव्हा सहाला ताटं वाढलेली हवीत. चार वाजलेत. घरची चार आणि आलेली तीन, अशी सात माणसं. कांदा, लसूण, बटाटा, आलं यांचा प्रश्नच नाही. डब्यांत आहे ज्वारीचं पीठ, तूरडाळ, बेसन, तांदूळ, शेंगदाणे, कारळे, सुकं खोबरं, चिंच आणि गूळ. परड्यात आहेत शेवग्याच्या शेंगा, तोंडलीचा एक वेल, केळीचा कच्चा घड, कढीपत्ता आणि मिरचीची चार रोपं.

आता बघा काय काय ठरवावं लागतं. सात जणांच्या आमटीला दीड वाटी तूरडाळ पुरते. ती निवडून, धुऊन आधी कुकरला लावायची, कारण बाकी सगळं तिच्यासाठी थांबतं. शेंगा डाळीबरोबर कुकरात घातल्या तर त्यांचा चोथा होतो. त्या वेगळ्या, मीठ घालून, बोटचेप्या शिजवायच्या. कांद्याखोबऱ्याचं वाटण नाही, मग आमटीला अंग कशानं येणार? भाजलेलं सुकं खोबरं आणि चमचाभर कारळ्याचं कूट. चिंच-गुळानं तिला तोंड येतं आणि फोडणीतल्या हिंगानं वास. वेलावर तोंडली निघाली वाटी-दीड वाटी. सात माणसांत ती पोरानं चिमणीला दाणे टाकावेत तशी दिसणार. म्हणून पातळ काप करून, वाफ आणून, वरून बेसन पेरायचं. पीठ पेरलेली भाजी ही कुणातरी बाईची अडचणीतली युक्ती असणार. आज ती आपण खास म्हणून खातो. कच्ची केळी चिरली की काळी पडतात, म्हणून ती मिठाच्या पाण्यात, आणि मग रव्यात घोळवून तव्यावर. बटाट्याच्या कापांची आठवणसुद्धा कुणाला येत नाही. जेवणात डाळ आहे, बेसन आहे, म्हणजे नियम पाळणाऱ्या घरात सोबत कच्चं ताक वाढायचं नाही, द्विदल होतं. ताकाची जागा कशानं भरायची? भाजीत पडायची कैरी अजून झाडावर लागायची आहे, म्हणून चिंचेचं आंबट-गोड सार. आणि भाकरी सर्वांत शेवटी, ताटं मांडता मांडता, कारण थंड भाकरी पाहुण्याला वाढणं म्हणजे त्याला लवकर जा म्हणणं.

हे सगळं दोन तासांत, दोन शेगड्यांवर. यातला एकही निर्णय कुठल्या पुस्तकात नाही. पाकपुस्तकांना मी नावं ठेवत नाही. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' 1970 साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापानं त्यानं कितीतरी नव्या सुनांना तारलं. पण पाककृतीची सुरुवात 'साहित्य' या शब्दानं होते. एवढं आणा, मग एवढं करा. आपला प्रश्न उलटा असतो: एवढंच आहे, आता काय करू? पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाचून देता येतं. दुसऱ्याचं द्यायला डाळ किती वेळात शिजते, पीठ किती पाणी पितं, कोणत्या दोन चवी एकमेकींशी भांडतात, हे हाताला ठाऊक असावं लागतं.

आणि हे दोन तास तरी कुठे खरे आहेत? तूरडाळ खडेबाजारातून आणली, तिला ऊन दिलं, एरंडेलाचा हात लावला, तेव्हा ती फाल्गुनात कीड न लागता सापडली. धान्याला किडा लागला की आमच्या घरात मोठा पेच असतो. ते दळवत नाही, टाकवतही नाही. म्हणून तो लागूच नये ही काळजी वर्षभर घ्यायची. तीच आमची रोजची अहिंसा, आणि ती चाळणी हातात घेऊन करावी लागते. पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7. म्हणजे महिन्याचं दळण एकदम आणून निवांत बसायची सोय नाही. त्यात शहाणपणही आहे; ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, आधणाच्या पाण्यानंही ती सांधत नाही. चिंचेतले चिंचोके काढून, मीठ लावून, गोळे करून ठेवले ते कुणी? शेवग्याची फांदी परड्याच्या कोपऱ्यात रोवली कुणी? तोंडलीच्या वेलाला भांडी विसळलेलं पाणी घातलं कुणी? पाहुण्यांच्या ताटात जे पडलं ते दोन तासांचं नव्हतं, ते वर्षभराचं होतं. तरी उठताना ऐकायचं काय, तर "बघा, घरात काही नव्हतं तरी वैनींनी किती पटकन केलं!"

घरात काही नव्हतं? सगळं होतं. ते असावं म्हणून कुणीतरी वर्षभर राबलं होतं.

आता जे बोलणार आहे ते आमच्या समाजातल्या कित्येकांना रुचणार नाही, पण बोलायला हवं. आपल्याकडे त्यागाला मान आहे आणि तो असायलाच हवा. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ हे सहा रस. रसपरित्याग हे सहा बाह्य तपांपैकी एक तप. काही घरांत वाराप्रमाणे एकेक रस सोडतात. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही. चातुर्मासात पालेभाजी नाही. कुणाचं एकासन असतं, कुणाचा उपवास. हे सगळं चांगलंच आहे. पण एकाच घरात सासऱ्यांनी आज मीठ सोडलेलं, सासूबाईंनी हिरवं सोडलेलं, नवऱ्याचं एकासन आणि कॉलेजातल्या मुलाला मात्र "काहीतरी चमचमीत", अशी चार ताटं एका ओट्यावरून निघतात तेव्हा पुण्य चौघांत वाटलं जातं आणि घाम एकीचाच निघतो.

त्याग त्यांचा, कसरत आमची.

मीठ सोडलंय हे ताट पुढ्यात आल्यावर सांगायचं, ही तर कित्येक घरांतली रीतच. मग ती बाई धावत आत जाते. अनुभवी असेल तर मीठ घालण्याआधी वाटीभर डाळ तिनं बाजूला काढून ठेवलेलीच असते. जिऱ्याची फोडणी आणि जरा जास्त चिंच, की अळणीपणा झाकला जातो. चतुर्दशीला शेवगा-तोंडली बाद. मग उन्हाळ्यात घातलेले डाळीचे सांडगे निघतात, त्यांची आमटी होते, पापड भाजला जातो, पिठलं होतं. मीठ सोडणाऱ्याचं नाव बस्तीत घेतलं जातं. अळणी डाळ गोड करून वाढणारीचं नाव कुठे घेतलं जातं? आणि गंमत म्हणजे, तिचाही त्या दिवशी काहीतरी नियम असतोच. तो कुणी विचारत नाही. सगळ्यांचं झाल्यावर सूर्यास्ताला दहा मिनिटं उरलेली असतात, त्यात उरलं-सुरलं खाते ती. तिचं अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाण्याचं तप, असं न मागता घडतं आणि कुठे मोजलंही जात नाही.

कुणी म्हणेल, ही बाई धर्माच्या आड येते. आड तर मी येतच नाही, धर्माचाच दाखला देते. आपले मुनी दिवसातून एकदा, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. त्यांच्या आहाराला भ्रामरी म्हणतात. भुंगा फुलाला न दुखावता मध घेतो, तसं गृहस्थाला भार न होता घ्यायचं. गर्तपूरणही म्हणतात; खड्डा भरावा तसं पोट भरायचं, चवीचा विचार नाही. त्यांच्यासाठी मुद्दाम केलेलं अन्न उद्दिष्ट ठरतं, ते त्यांना चालत नाही. घरात घरच्यांसाठी जे शुद्ध केलेलं असेल त्यातलंच द्यायचं. म्हणजे शास्त्रानं साध्या जेवणाची कसोटी कुठे लावली, पाहा. ताटात किती पदार्थ आहेत यावर ती लावलेली नाही. करणाऱ्याच्या अंगावर किती भार पडला, यावर लावली आहे. मग ज्या साधेपणानं देणाऱ्याचा भार हलका व्हावा, त्याच साधेपणाचं नाव घेऊन आपण घरातल्या बाईवर भार कसा टाकतो? आणि चौक्यात आज जे पंधरा-वीस पदार्थ मांडले जातात, शेजारच्या चौक्याशी चढाओढ करत, ते कोणत्या शास्त्रात बसतं?

यावर नेहमीची तीन उत्तरं येतात. ती मला पाठ आहेत.

पहिलं, "अहो, बायका हे प्रेमानं करतात, त्याचा हिशेब काय मांडता?" प्रेमानं करतात, खरंय. दुकानदारही प्रेमानं गिऱ्हाइकाला चहा पाजतो, म्हणून तो वही ठेवत नाही का? व्यापारी समाज आपला, पैशापैशाचा हिशेब ठेवण्यात आपली ख्याती. आणि घरातल्या श्रमाचा विषय निघाला की एकदम प्रेमाची भाषा! हिशेब मांडल्यानं प्रेम आटत नाही. न मांडल्यानं मात्र बाई आटते.

दुसरं उत्तर आमच्याच थोरल्या बायकांचं. "आमच्या वेळी आम्ही वीस-वीस माणसांचं केलं, कधी तोंडातून ब्र काढला नाही." काकी, तुम्ही केलंत, आणि तुमच्या हाताखालीच आम्ही शिकलो. पण तुमच्या वेळी जात्यावर एक, चुलीपाशी एक, निवडायला दोघी आणि पोरं सांभाळायला एक आत्ती होती. आज घरात एकच आहे, आणि कित्येकदा ती शाळेतून, बँकेतून साडेपाचला परत येते. आणखी एक सांगते, रागावू नका. तुम्ही ब्र काढला नाहीत म्हणूनच तुमच्या विद्येला कुणी विद्या म्हटलं नाही. दोडक्याच्या शिरा तिळाबरोबर भाजून चटणी करायची, लाल भोपळ्याच्या बिया वाळवून ठेवायच्या, वाफवलेली कच्ची केळी पिठात मळून वडे करायचे, हे तुमच्याबरोबर निघून चाललंय. आमच्या कन्नड शेजारणीकडची पुंडीची पल्ले आणि आमची अंबाडीची भाजी यांत थोडाच फरक आहे, आणि तो तिच्या आईला आणि तुम्हालाच ठाऊक आहे. बेळगावच्या सीमेवर किती वर्षं वाद चाललाय. भिंतीवरून भाजीची वाटी मात्र रोज इकडून तिकडे जाते. त्या वाटीतलं शहाणपण लिहून ठेवायला कुणाला सवड झाली नाही.

तिसरं उत्तर नव्या पिढीचं. "मम्मी, एवढं डोकं का चालवतेस? फोनवर मागव, दहा मिनिटांत येतं." येतं, नाही असं नाही. जैन पिझ्झा येतो, जैन पावभाजी येते. कांदा-लसूण वगळला आणि वर चीज घातलं की झालं जैन! आपल्या अन्नाची ओळख 'काय नाही' एवढ्यावर उरली तर 'काय आहे' हे कोण सांगणार? कारळं, हुलगे, जवस, सांडगे, अंबाडी ही आमची 'आहे'ची यादी आहे, आणि ती मोठी आहे. रोज मागवणाऱ्या घरात पैशाची चणचण आली, पुरात रस्ते बंद झाले, माणूस आजारी पडलं, की खायचं काय? 2020 च्या टाळेबंदीत आपण पाहिलंच. ज्या घरात डबे भरलेले होते आणि परड्यात दोन वेल होते, त्या घरात निभावलं. फोन तर सगळ्यांकडेच होता.

आता एक सरकारी आकडा सांगते, म्हणजे कुणी म्हणायला नको की बाई भावनेच्या भरात बोलते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकामात हात घालणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची 97. तेही जे करतात त्यांचं. मुळात हात घालणाऱ्या बायका शंभरात 81 आणि पुरुष 26. ही झाली हातांची मिनिटं. "संध्याकाळी काय करायचं" हे दुपारभर डोक्यात फिरतं, त्याची मिनिटं मोजणारं घड्याळ अजून निघालेलं नाही.

तेव्हा माझ्या मागण्या या. त्या सरकारकडे नाहीत, आपल्याच घरांकडे आणि आपल्याच बस्तीकडे आहेत.

एक. नियम घेणाऱ्यानं तो आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन सांगावा, आणि त्या दिवशीचं आपलं वेगळं ताट स्वतः करायला हात लावावा. अळणी डाळीला फोडणी देता आली नाही तरी डाळ निवडता येते. तेवढ्यानं त्याग कमी होत नाही.

दोन. पाठशाळेत मुलांना आपण काय खाऊ नये याची यादी घोकून घेतो. त्याच्या जोडीला वर्षातून चार रविवार असे ठेवा की मुलगे आणि मुली दोघांनाही पाच डबे आणि परड्यातली एक भाजी देऊन सांगायचं, चार माणसांचं जेवण करा. बाजारात जायचं नाही, फोन लावायचा नाही. मुलग्यांना हे आलं नाही तर त्यांच्या भावी बायकांना आपण आजच कामाला लावलंय असं समजा.

तीन. चौक्यात पदार्थांची संख्या बायकांनी ठरवावी, आणि ती कमी ठरवावी. शास्त्र आपल्या बाजूनं आहे.

चार. ज्या घरात सत्तरीपुढची आई, अक्का, आत्ती आहे, तिथे नातीनं नाहीतर नातवानं एक वही घालावी. मापं लिहावीत, आणि त्याहून जास्त 'हे नसेल तर ते' असं लिहावं. दोडका नसेल तर काय, हिरवं चालत नसेल तर काय, मीठ सोडलं असेल तर काय. आपल्या स्वयंपाकाचा खरा ग्रंथ तोच, आणि तो अजून लिहायचा आहे.

आणि पाचवी मागणी तुमच्याकडे, बायांनो. यापुढे कुणी "काहीतरी साधंच कर" म्हटलं तर हसून आत जाऊ नका. तिथेच विचारा, "साधं म्हणजे काय? सांगा." पिठलं-भाकरी म्हटले तर म्हणा, "चला, पीठ चाळून द्या. मी आधण ठेवते." पाहुणा असेल तर त्याला शेवग्याच्या शेंगा सोलायला बसवा. लाज कसली त्यात? आपल्या हातानं शेंग सोललेला माणूस पुढल्या वेळी 'पटकन' हा शब्द वापरताना दोनदा विचार करेल.